तेल-उपसा यंत्रांची लाटाकुंडातील परीक्षा

समुद्रावर सांडलेले तेल उपसणाऱ्या यंत्राची परीक्षा समुद्रातच घेणे दुर्घट असते. एकदा आलेली लाट पुन्हा तशीच येत नाही, आणि परीक्षेसाठी तेल ओतणे हेही दूषणच होय. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ‘ओमसेट’ या सुमारे २०३ मीटर लांबीच्या खाऱ्या पाण्याच्या कुंडात मात्र ठराविक लाट पुनःपुन्हा उठविता येते, आणि फिरत्या पुलाला जोडलेले यंत्र निश्चित वेगाने ओढता येते. परंतु पाणीच अधिक उपसणारे यंत्रही वरकरणी कार्यक्षम भासते. म्हणून उपशातील तेलाचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावे लागते. मेक्सिकोच्या आखातातील २०१० च्या तेलगळतीनंतर, २०११ मध्ये येथे झालेल्या स्पर्धेत मिनिटाला किमान २,५०० गॅलन तेल व उपशात किमान ७० टक्के तेल, अशा दोन्ही अटी होत्या. विजेत्या यंत्राने ४,६७० गॅलन व ८९.५ टक्के गाठले.