‘गोळी गरम पडली’ : मलेरियाचे औषध, आदिवासी समाज आणि काही पक्के गैरसमज

मलेरियाच्या गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. डोळे पिवळे, चार पावले चालले की दम. घरचे म्हणतात, ‘गोळी गरम पडली.’ शिकलेला पाहुणा सांगतो, ‘आदिवासींना ही औषधं सोसतच नाहीत.’ दोघांनीही पाहिलेले खरे असते, पण दोघेही त्याचे कारण चुकीचे सांगतात. अशा चुकीच्या कारणापायी कुणी औषध अर्धवट सोडतो, तर कुणाला ते तपासणीविना दिले जाते. जिवावर बेतते ते दोन्हीकडून.

मोहाडी तालुक्यातला करडीचा भाग धानाचा. पावसाळाभर बांधीत पाणी, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी जंगलाची वाट. भंडाऱ्यात मलेरिया गडचिरोलीइतका नाही. पण १९९९ पर्यंत गोंदियाही याच जिल्ह्यात होते. सोयरीक, मजुरी आणि जंगलातली कामे आजही या तिन्ही जिल्ह्यांत फिरत असतात. माणसे फिरतात तशी हिवतापाची लागणही फिरते. गोंड, हलबा यांची वस्ती या साऱ्या पट्ट्यात आहे. म्हणून हा विषय प्रयोगशाळेचा जितका, तितकाच करडीच्या ओसरीवरचाही आहे.

आधी त्या गोळीविषयी. व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू रक्तात असतात, तसेच यकृतातही दडून बसतात. क्लोरोक्विन रक्तातले मारते. यकृतातले मारायला प्रायमाक्विन लागते, रोज एक मात्रा, चौदा दिवस. ते न घेतल्यास काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, डास न चावताही, ताप पुन्हा येतो.

प्रायमाक्विन पोटात गेले की लगेच काम करत नाही. यकृतातले सीवायपी२डी६ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे रूपांतर करते, आणि त्या रूपांतरातून तयार होणारे पदार्थ जंतूंना मारतात. तेच पदार्थ तांबड्या पेशींवरही ताण आणतात. निरोगी पेशी तो ताण झेलते, कारण तिच्यात जी-सिक्स-पीडी नावाचे दुसरे विकर असते. पेशीतले ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याच्या जोरावर पुन्हा पुन्हा ताजे होते. शरीरातल्या इतर पेशींना यासाठी आणखीही वाटा आहेत. तांबड्या पेशीला ही एकच. ज्याच्या जनुकात बदल असल्यामुळे हे विकर कमी पडते, त्याच्या पेशी प्रायमाक्विनच्या माऱ्यात फुटतात. लघवीचा काळपट रंग हा त्या फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचा. गोळीच्या गरम-थंडपणाशी याचा काही संबंध नाही.

उलटा प्रकारही आहे. काहींचे सीवायपी२डी६ मुळातच मंद असते. त्यांनी चौदाच्या चौदा गोळ्या इमानाने घेतल्या तरी औषध पुरेसे ‘जागे’ होत नाही आणि ताप परततो. अशा रुग्णाला ‘गोळ्या फेकून दिल्या असतील’ असे ऐकवले जाते. हा अन्याय आहे. अर्धवट सोडणारे पुष्कळ असतात हे खरे, पण प्रत्येक परतलेला ताप म्हणजे रुग्णाचा खोटेपणा नव्हे.

‘हा आदिवासींच्या रक्तातला दोष आहे’ हा गैरसमज सर्वांत घट्ट, आणि त्याचा जन्म विदर्भात झालेला नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर प्रायमाक्विनचे प्रयोग झाले. तिथे कृष्णवर्णीय कैद्यांपैकी साधारण दहातल्या एकाचे रक्त फुटत होते. १९५६ मध्ये कारण सापडले : जी-सिक्स-पीडीची कमतरता. सुरुवातीला ती एका वंशाची गोष्ट वाटली. मग भूमध्य समुद्राकाठच्या गोऱ्या लोकांत ती आढळली, आणि १९६० च्या दशकात मुंबईच्या पारशी समाजातही मोठ्या प्रमाणात दिसली. या जनुकातल्या एका बदलाला तर आपल्या कल्याणचेच नाव मिळाले आहे. तो कोळी समाजातल्या रुग्णाच्या रक्तात सापडला. दुसऱ्याचे नाव ओरिसा, आणि भारतातल्या आदिवासींत हाच जास्त दिसतो. तिसरा भूमध्यसागरी, बराच तीव्र, आणि तो बिगर-आदिवासी समाजांत अधिक. म्हणजे जे रूप ज्यादा त्रास देते, ते आदिवासींचे खास नाही.

मग आदिवासी पट्ट्यांत प्रमाण जास्त का? जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने मुले नेली, तिथे या बदलाने थोडेफार संरक्षण दिले आणि तो टिकून राहिला. हा इतिहास मलेरियाचा आहे, दोषाचा नाही. शिवाय ‘आदिवासी’ हा एक गठ्ठा नाही. माडिया, कोलाम, कातकरी, गोंड, हलबा यांचे लग्नसंबंध आणि भूगोल वेगवेगळे. देशातल्या आदिवासी समूहांत ही कमतरता कुठे जवळजवळ नाही, तर कुठे वीस टक्क्यांहूनही जास्त आहे. जमातीचे नाव ऐकून कुणाचे विकर कसे आहे हे कळत नाही. जमात फार तर शक्यता सांगेल. बाकी तपासणीच सांगेल.

औषध न सोसणे हे कुणा एका समाजाचे नाही याचा आणखी एक दाखला. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी सक्सामेथोनियम देतात; त्याचा असर काही मिनिटांत ओसरतो. आर्य वैश्य समाजातल्या काही जणांत ते मोडणारे विकर जन्मतःच नसते, आणि भुलीतून उठल्यावरही श्वास तासन्‌तास परत येत नाही. भूलतज्ज्ञ त्या समाजातल्या रुग्णाला याबद्दल आवर्जून विचारतात. तिथे कुणी ‘रक्तातला दोष’ म्हणत नाही, काळजी घेतात. तीच रीत इथेही हवी.

‘आमची सिकलसेलची तपासणी झाली आहे, म्हणजे सगळे कळले’ असेही ऐकू येते. विदर्भात सिकलसेलचे काम बरेच झाले आहे, आणि १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. पण सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या जनुकातला बदल, अकराव्या गुणसूत्रावरचा. जी-सिक्स-पीडी एक्स गुणसूत्रावर. एकाची तपासणी दुसऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि ‘सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही’ हे तर जीवघेणे अर्धसत्य आहे. वाहकाला तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, लागणीपासून नाही. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याच्यासाठी मलेरिया इतरांपेक्षाही घातक.

‘बायकांना हे होत नाही.’ होते. पुरुषाला एक्स गुणसूत्र एकच, म्हणून बदल असला की तो पुरता दिसतो. स्त्रीला दोन; बदल एकावरच असला तर तिच्या काही पेशी चांगल्या, काही कमकुवत. सरासरी बरी दिसते आणि साधी पट्टीची तपासणी तिला ‘नॉर्मल’ म्हणून सोडते, पण चौदा दिवसांच्या औषधात तिचेही रक्त उतरू शकते. तिच्याकडून हा बदल मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. अशा मुलाला जन्मानंतर जबर कावीळ होऊ शकते, आणि ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेले दुपटे त्याला गुंडाळले तर त्या वासानेही पेशी फुटतात. बाळंतिणीच्या घरात डांबरगोळ्या नकोतच.

तपासणीतही एक खोच आहे. रक्त फुटल्यावर लगेच केली तर ती खोटे आश्वासन देते, कारण कमकुवत पेशी मेलेल्या असतात आणि नव्या कोवळ्या पेशींत विकर जास्त असते. अशा रुग्णाची दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

‘मग प्रायमाक्विन बंदच करा.’ नको. ते बंद केल्यास ताप परतत राहतो, रक्त झिजत राहते. कमतरता असलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दुसरी पद्धत सांगितली आहे : आठवड्यातून एकदा, किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, आठ आठवडे, डॉक्टरच्या देखरेखीखाली. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांना मात्र ते देत नाहीत.

आणि सगळा दोष जनुकांच्या माथी मारणेही बरोबर नाही. मोठ्या माणसाची रोजची मात्रा १५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ती किलोमागे ०.२५ पडते, चाळीस किलोच्या माणसाला जवळपास ०.३८. आपल्याकडे वयावरून गोळ्या द्यायची पद्धत रुळली, आणि हंगामभर अर्धपोटी राबणाऱ्या हडकुळ्या माणसाला त्याच गोळीचा दीडपट मारा बसला. यात जनुक कुठेच नाही. वजनकाटा प्रत्येक उपकेंद्रात असतो. तो वापरला पाहिजे.

मलेरियापलीकडचे थोडक्यात. भंडारा-चंद्रपूर-गडचिरोली हा कुष्ठरोगाचा जुना पट्टा. त्याच्या औषधांतले डॅप्सोन जी-सिक्स-पीडी कमी असलेल्यांच्या पेशी फोडू शकते, म्हणून तेही तपासून, रक्त बघत द्यावे. क्षयरोगाच्या आयसोनियाझिडचे वेगळेच. ते मोडणारे नॅट-टू विकर काहींचे मंद, काहींचे जलद, आणि भारतात सगळ्याच समाजांत मंदवाले पुष्कळ. मंद असणाऱ्यांच्या अंगात औषध जास्त साठते, तळपायांना मुंग्या येतात, कधी यकृताला सूज येते. मुंग्यांसाठी ब-६ जीवनसत्त्वाची गोळी पुरते. त्यासाठी क्षयाचे औषध सोडण्याचे कारण नाही.

या साऱ्यात आपले ज्ञान तोकडे का, याचेही उत्तर आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘हजार जीनोम’ प्रकल्पातले भारतीय नमुने होते ह्यूस्टनमधल्या गुजरात्यांचे आणि ब्रिटनमधल्या तेलुगू लोकांचे. गोंड त्यात नव्हता, कातकरी नव्हता. भारताच्या स्वतःच्या जीनोम प्रकल्पात सुमारे दहा हजार जणांचे जीनोम वाचले गेले. त्यातल्या ८३ लोकसमूहांपैकी ३० आदिवासी आहेत. सुरुवात चांगली आहे. पण ज्यांच्या रक्तावरून हे ज्ञान मिळते, त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्रात जी-सिक्स-पीडीची पट्टी पोचली नाही, तर त्या ज्ञानाचा त्यांना काय उपयोग?

तोवर आपल्या हातात इतके आहे. प्रायमाक्विन किंवा डॅप्सोन सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा : ‘जी-सिक्स-पीडी तपासले का?’ घरात कुणाला गोळ्यांनंतर काळी लघवी किंवा जन्मतः जबर कावीळ झाली असेल तर सांगा. वजन करून घ्या. गोळ्या सुरू असताना लघवी काळपट दिसली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा, आणि उरलेल्या गोळ्या सोबत न्या. क्षय आणि कुष्ठरोगाच्या बाकी कुरकुरींसाठी मात्र औषध आपल्या मनाने थांबवू नका. आधी आशाताईंना सांगा.