धूर पचवणारा कातळ

आइसलँडची राजधानी रेक्याविकपासून जवळच, हेल्लिशेइदीच्या लाव्हाच्या माळावर, जमिनीखालच्या वाफेवर चालणारे मोठे वीजकेंद्र आहे. या वाफेसोबत थोडा कार्बन डायऑक्साइडही वर येतो. 2012 साली शास्त्रज्ञांनी 175 टन कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवला आणि सुमारे अर्धा किलोमीटर खोल बेसाल्टमध्ये सोडून दिला. खाली काय चालले आहे ते कळावे म्हणून शेजारच्या विंधण विहिरीतून पाण्याचे नमुने उपसले जात होते. एके दिवशी तिथला पंप बंद पडला. वर काढून पाहतात तर त्याच्यावर खनिजाची पुटे चढलेली! ते कॅल्साइट होते, म्हणजे चुनखडीचा दगड ज्याचा बनतो तेच खनिज.

तो दगड आधीपासूनच खाली नव्हता कशावरून? शास्त्रज्ञांनी आत सोडलेल्या वायूत कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनचा कण कण मिसळून ठेवला होता. पंपावरच्या पुटांत तीच खूण मिळाली. जो वायू होता, त्याचाच दगड झाला होता. 2016 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हिशेब प्रसिद्ध झाला: दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून अधिक वायूचे खनिज झाले होते. तोवर बहुतेक तज्ज्ञ या कामाला शेकडो, कदाचित हजारो वर्षे धरून चालले होते.

या प्रयोगाचे नाव कार्बफिक्स. आइसलँड विद्यापीठातले सिगुर्दूर गिस्लासन आणि अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले वॉलेस ब्रोकर हे त्याच्या जनकांपैकी दोघे. ब्रोकर म्हणजे 1975 साली आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘ग्लोबल वॉर्मिंग’ हे शब्द घालणारे शास्त्रज्ञ. ज्यांनी धोक्याची घंटा इतक्या आधी वाजवली, त्यांनी उतारवयात उपायही शोधायला घेतला, हे मला फार मोठे वाटते.

यातले रसायन सुंदर आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सोड्याच्या बाटलीतल्यासारखे किंचित आंबट पाणी तयार होते. हे पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे ते वर न येता खालीच उतरते. वायू निसटेल ही भीती तिथेच निम्मी संपते. आम्लाने बेसाल्ट झिजतो आणि त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह पाण्यात उतरते. झिजता झिजता दगड पाण्याची आम्लताही मारतो, आणि मग हीच मूलद्रव्ये कार्बनशी जोडली जाऊन खडकाच्या भोकाभोकांत स्फटिक होऊन बसतात. खालून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यांत काळ्या बेसाल्टमध्ये पांढरे ठिपके उघड्या डोळ्यांनी दिसतात. त्या ठिपक्यांतला कार्बन आता हवेत परत यायला धजणार नाही. टाकीवर पहारा ठेवावा तसा शतकानुशतके त्याच्यावर पहारा ठेवायची गरज नाही.

निसर्ग हे काम कोट्यवधी वर्षे करत आला आहे. पृथ्वीवरचा बहुतेक सगळा कार्बन हवेत नाही, झाडांतही नाही. तो दगडांत आहे. आणि इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाने दख्खनचे पठार घडले. आज महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग त्याच बेसाल्टवर उभा आहे. दर पावसाळ्यात सह्याद्रीवर पडणारे पाणी हवेतला थोडा कार्बन सोबत घेऊन हा कातळ झिजवते, आणि कृष्णा-गोदावरी तो विरघळलेल्या रूपात समुद्राला नेऊन देतात. जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या खाणींत दगड फुटला की पोकळीतून झिओलाइट आणि कॅल्साइटचे लखलखते स्फटिक बाहेर पडतात, जगभरची संग्रहालये ते मिरवतात. खडकाच्या पोकळ्यांत खनिजे कशी वाढतात याचा तो नमुनाच आहे.

मग आपला सगळा धूर सह्याद्रीच्या पोटात घालून मोकळे व्हावे का? तज्ज्ञ इथे सावध होतात, आणि त्यांची कारणे ऐकण्यासारखी आहेत. आइसलँडचा खडक तरुण आणि सच्छिद्र आहे. आपल्या खडकाची पुष्कळ भोके त्या सुंदर खनिजांनी आधीच बुजवली आहेत. एक टन वायू मुरवायला सुमारे 25 टन पाणी लागते. मराठवाड्यात ते आणायचे कुठून? आइसलँडमध्ये समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोग त्यासाठीच सुरू झाले. शिवाय आपल्या विहिरींचे पाणीही याच बेसाल्टमधून येते. जमिनीत दाबाने पाणी सोडले की भूकंपाचे धक्के बसू शकतात, हेल्लिशेइदीच्या परिसरात 2011 साली ते जाणवलेही. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप सोसलेल्या मुलखाने ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

सर्वांत मोठा आक्षेप आकड्यांचा आहे. हेल्लिशेइदीलाच 2021 साली ओर्का हा प्रकल्प सुरू झाला. मोठमोठे पंखे हवा ओढतात, गाळण्या त्यातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात, मग त्या तापवून तो सोडवला जातो आणि कातळात जातो. हवेच्या 10 हजार रेणूंत याचे जेमतेम 4 रेणू असतात, ते वेचून काढायचे ही कमालच आहे. पण ओर्काची क्षमता वर्षाला 4 हजार टनांची, आणि जग वर्षाला सुमारे 3,700 कोटी टन वायू हवेत सोडते. म्हणजे ओर्काने पूर्ण क्षमतेने वर्षभर राबून जे कमवायचे, ते आपण साडेतीन सेकंदांत उधळतो.

या आकड्याने मी निराश होत नाही; तो कामाचा क्रम लावून देतो. सूर्य आणि वाऱ्यापासून वीज करता येते, तिथे कोळसा जाळून धूर पुरत बसणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. पण सिमेंटचे काय? सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते, आणि भट्टी विजेवर चालवली तरी दगडातला कार्बन सुटतोच. असा जो धूर टाळताच येत नाही, तो कारखान्याच्या तोंडाशीच पकडून बेसाल्टला परत द्यावा. मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडण्यावर आणि वापरण्यावर काम करणारे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आहे. दख्खनच्या कातळात खोल, पिण्याच्या पाण्यापासून दूर आणि भूकंपाच्या पट्ट्याबाहेर एक प्रयोगविहीर खणून हा खडक किती वेगाने धूर पचवतो ते मोजलेच पाहिजे. या कातळातून आपण लेणी कोरली, त्याच्यावर किल्ले बांधले. त्याच्याकडे आणखी एक गुण आहे, हे आता आपल्याला ठाऊक झाले आहे. तो वापरायची लायकी मात्र आधी कोळशावरचा हात आखडूनच मिळेल.