लाखेविना लकाकी

दिवाळीच्या वहीपूजनात आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या कार्तिक शुद्ध पंचमीच्या ज्ञानपंचमीला ग्रंथांबरोबर लेखणीही पाटावर मांडली जाते. दिगंबर परंपरेत हाच मान ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या श्रुतपंचमीला आहे. लेखणी हे ज्ञानोपकरण आहे. म्हणूनच हाताने कातलेले लाकडी पेन ही व्यापारी कुटुंबात शोभणारी भेट ठरते. असे पेन घेताना लाकूड कोणते आणि निब कोणती, याची चौकशी सारेच करतात. त्यावरील चकाकी कशाची आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

लाकडावर चकाकी आणण्याचा आपल्याकडील जुना मार्ग म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारे सूक्ष्म कीटक स्वतःभोवती राळेसारखे कवच निर्माण करतात. त्या फांद्या तोडून, कवच खरवडून, कुटून व धुऊन लाख तयार होते. या प्रक्रियेत असंख्य कीटकांचा जीव जातो. हीच लाख गाळून चपडा होतो आणि स्पिरिटमध्ये विरघळवून सुताराचे पॉलिश. सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंनी आणि गंजिफांनी लाखकामाला महाराष्ट्रात कीर्ती मिळवून दिली. शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात त्या कलेला नवे जीवन दिले, हे कार्य आदरणीयच आहे. तथापि जैन आचारशास्त्राने श्रावकासाठी जे १५ कर्मादान त्याज्य मानले, त्यांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, नावानिशी येतो. आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रातही या १५ व्यवसायांचे विवेचन आहे. निषेध व्यापाराचा असल्याने घरातील वापराविषयी प्रत्येकाने आपल्या गुरुजनांचे मार्गदर्शन घ्यावे. पेन घडवून विकणाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

व्यवहाराच्या दृष्टीनेही येथे लाख कमी पडते. कपाटाला हात दिवसातून चारदा लागतो, पेन तासन्‌तास घामट बोटांत असते. लाखेचा थर स्पिरिटमध्ये विरघळतो, त्यामुळे सॅनिटायझर लावलेला हातही त्याला पुरतो. ओलाव्याने त्यावर पांढुरके डाग पडतात आणि उन्हात तापलेल्या मोटारीत तो मऊ पडतो. जे धर्मदृष्ट्या शंकास्पद, तेच या कामी अल्पायुषी आहे.

यावर एक टिकाऊ पर्याय पेन घडविणाऱ्यांत जगभर रूढ आहे. तो म्हणजे सायनोअॅक्रिलेट, घरोघरी ‘फेविक्विक’ या नावाने परिचित असलेल्या जातीचा झटपट गोंद. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीचे रसायनज्ञ हॅरी कूव्हर यांच्या हाती तो १९४२ मध्ये प्रथम आला आणि १९५८ मध्ये बाजारात उतरला. तो कारखान्यात रसायनांपासून बनतो आणि हवेतील ओलाव्याने घट्ट होतो.

हा शेवटचा गुण चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावी विशेष ध्यानात ठेवावा लागतो. वैशाखातील कोरड्या हवेत गोंद सावकाश बसतो. श्रावणात तो झपाट्याने बसतो, पण वर पांढरट धुरकटपणा येऊ शकतो. लाकडाचेही तसेच. पेनच्या आत पितळी नळी असते. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते व आकसते, पितळ त्या ओलाव्याला दाद देत नाही. त्यामुळे ओलसर लाकूड उन्हाळ्यात तडकते. म्हणून जुन्या वाड्याच्या चौकटीचा किंवा मोडलेल्या गल्ल्याच्या पेटीचा, पुरता मुरलेला सागवानी तुकडा उत्तम. १५ कर्मादानांत वनकर्म, म्हणजे वृक्षतोडीचा धंदाही आहे. जुने लाकूड वापरल्याने नवे झाड तोडावे लागत नाही, शिवाय आजोबांच्या पेढीची आठवण नातवाच्या खिशात राहते.

खरी चकाकी पूर्वतयारीत असते. कातून झालेले लाकूड लेथवर फिरते ठेवून १५० पासून २२०, ३२०, ४०० व ६०० क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासावे. प्रत्येक क्रमांकानंतर लेथ थांबवून रेषांच्या दिशेने हात फिरवावा आणि धूळ पुसावी. राहिलेला ओरखडा वरच्या थराखाली अधिकच उठून दिसतो. मग टिश्यू पेपरच्या घडीवर गोंदाचे काही थेंब घेऊन, लेथ मंद ठेवून, पातळ थर द्यावा. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा, असे ८ ते १० थर पुरेत. दोन्ही टोकेही गोंदाने बंद करावीत, नाहीतर पुढच्या टप्प्यातील पाणी लाकडात शिरते. एक दिवस विश्रांती देऊन, गाडीरंगाच्या दुकानात मिळणाऱ्या वॉटर पेपरने ८०० ते २००० क्रमांकापर्यंत पाण्यासह हलक्या हाताने घासावे आणि शेवटी बारीक पॉलिशने चमकवावे. काचेसारखी झळाळी येते व ती घामाला दाद देत नाही.

दोन धोके सांगितलेच पाहिजेत. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या हाती सुती चिंधी सहज येते. पण हा गोंद सुताला लागताच जोराने तापतो, धूर निघतो व बोट भाजते. सुती कापड व सुती हातमोजे वर्ज्यच. याची वाफ डोळ्यांना व श्वासाला झोंबते. खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा आणि मुले दूर असावीत.

खरेदी करणाऱ्यांनी लेबल वाचावे. ‘लॅकर’ हे नाव लाखेवरून आले असले, तरी आज त्या नावाच्या बहुतेक डब्यांत लाख नसते. उलट ‘शेलॅक’ किंवा ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणजे लाखच. मेणाच्या पॉलिशमध्ये मधमाश्यांचे मेण असू शकते. त्याऐवजी ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नाबा मेण चालते. चमक आणणाऱ्या काही वड्यांत प्राणिज चरबी असते. शंका असल्यास दुकानदाराला आणि कारागिराला स्पष्ट विचारावे. वहीतील प्रत्येक आकडा तपासून घेणाऱ्या समाजाने, तो आकडा लिहिणाऱ्या लेखणीचाही हिशेब मागावा, यात गैर काहीच नाही.