प्रिंटर शहरात, रुग्ण म्हसळ्यात

तोंडाच्या कर्करोगात जबड्याचा भाग काढावा लागला, की पायातलं फिब्युला हे बारीक हाड घेऊन तिथे नवा जबडा उभारतात. सरळ हाडाला बाक द्यायचा म्हणजे त्याचे नेमक्या कोनात तुकडे करायचे आणि टायटॅनियमची पट्टी त्या बाकाबरहुकूम वाकवायची. पूर्वी हे सारं रुग्ण भुलीखाली असताना, बरंचसं नजरेच्या अंदाजाने चालायचं. आता सीटी स्कॅनवरून संगणकावर त्याच रुग्णाचा जबडा त्रिमितीत उभा राहतो आणि थ्रीडी प्रिंटर तो थरावर थर चढवत प्लास्टिकमध्ये उतरवतो. सर्जन आधीच त्या नमुन्यावर पट्टी वाकवून ठेवतात. हाड कुठे कापायचं ते दाखवणारा साचाही छापून मिळतो. वेळ वाचतो तो इथे.

महाराष्ट्रात या कामाची घडी बसवण्यात आयआयटी मुंबईचा वाटा मोठा. प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने तिथे ऑर्थोकॅड प्रयोगशाळा आणि पुढे बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभं राहिलं. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात सामील झालं. डॉक्टरांची अडचण ऐकूनच इंजिनिअरांनी आराखडा करायचा, ही तिथली रीत.

रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्याच्या रुग्णाला याचा उपयोग काय? मोठ्या उपचारासाठी त्याला घोणसे घाटातून माणगाव गाठून महामार्गाने मुंबईला जावं लागतं. प्रत्येक खेपेला गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला घरचं माणूस. शस्त्रक्रिया मुंबईतच होईल. पण माणगाव-अलिबागच्या टप्प्यावर योग्य जाडीच्या थरांचा सीटी स्कॅन झाला, तर फाइल रुग्णाच्या आधी पोचेल आणि निदान मापाची एखादी खेप तरी वाचेल. म्हसळ्याला प्रिंटरआधी ही सोय हवी.

आराखडा असा प्रवास करू शकतो, हे 2020च्या टाळेबंदीत दिसलं. मुंबईच्या मेकर्स असायलम या सामायिक कार्यशाळेने फेसशील्डचा आराखडा खुला केला आणि ठिकठिकाणच्या कार्यशाळांनी तो आपापल्या गावी बनवला. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने म्हसळा-श्रीवर्धनची वीज आणि मोबाइल संपर्क तोडला. डिजिटल सोयीच्या अंदाजपत्रकात बॅटरीचा खर्च पहिल्या पानावर हवा तो यासाठी.

जवळपास छपाई सुरू करायचीच, तर लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ माणगाव तालुक्यातच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांसोबत बसावं. सरावाचे नमुने, बोटांचे आधारपट्टे, मोडलेल्या उपकरणांचे छोटे भाग इथूनच सुरुवात होऊ शकते. शरीरात कायम राहणाऱ्या रोपणाचं काम मात्र धातू, निर्जंतुकीकरण आणि चाचण्यांची पक्की व्यवस्था असलेल्या कारखान्याकडेच राहू द्यावं.