हजेरी आणि सेवा : वाढत्या-घटत्या सर्व्हरांची तपासणी

निकालाचा दिवस असो वा शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख, हजारो विद्यार्थी एकाच वेळी एकाच संकेतस्थळाच्या दारात उभे राहतात. दार उघडले नाही तर एखाद्याचे वर्ष वाया जाते. आपल्या वसतिगृहातील मुलांचे प्रवेश व शिष्यवृत्त्या आज याच वाटेने येतात. म्हणून त्या दारामागची व्यवस्था पालकांनीही समजून घ्यावी, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ती अधिक दक्षतेने राखावी, असे आम्हांस वाटते.

पूर्वी संस्थेला स्वतःचे सर्व्हर विकत घ्यावे लागत. ॲमेझॉनने 2006 साली ते भाड्याने देण्यास आरंभ केला. 2009 साली त्यात दोन सोयींची भर पडली : लोड बॅलन्सर आणि ऑटो स्केलिंग. 2016 पासून मुंबईतील केंद्रांतूनही ही सेवा मिळू लागली.

या दोहोंचे कार्य आपल्या भोजनगृहावरून ध्यानात येईल. दाराशी उभा राहून प्रत्येक मुलाला योग्य पंगतीकडे धाडणारा, तो लोड बॅलन्सर. गर्दी पाहून वाढपी वाढवणारा वा कमी करणारा व्यवस्थापक, ते ऑटो स्केलिंग. आता एक वाढपी जागेवर उभा आहे, पण त्याचे पातेले रिकामे आहे. व्यवस्थापक नुसती हजेरी घेत असेल तर त्याच्या वहीत सारे ठीकच दिसेल. पातेले रिकामे असल्याचे दाराशी उभ्या असलेल्यालाच कळते.

सर्व्हरांच्या बाबतीत नेमके हेच घडते. ऑटो स्केलिंग गट मूळ मांडणीत केवळ यंत्र चालू आहे की नाही, एवढेच पाहतो. त्यावरील प्रणाली गोठली तरी यंत्र ‘हजर’च राहते. लोड बॅलन्सर मात्र ठरावीक पानाची मागणी करून उत्तर तपासतो. ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरच्या मूळ मांडणीत दर 30 सेकंदांनी विचारणा होते. 5 सेकंदांत 200 या संकेताचे उत्तर यावे लागते. सलग 2 वेळा चुकल्यास सर्व्हर ‘अनहेल्दी’ ठरतो, आणि सलग 5 वेळा उत्तर दिल्यावर पुन्हा ‘हेल्दी’ होतो. गटाच्या मांडणीत लोड बॅलन्सरची तपासणी स्वतंत्रपणे सुरू केली, तरच असा सर्व्हर काढून त्याच्या जागी नवा आणला जातो.

येथे दोन पथ्ये पाळावीत. पहिले, नवख्याला सावरायला अवधी द्यावा. खेड्यातून आलेल्या मुलाची परीक्षा आपण पहिल्याच दिवशी घेत नाही. सर्व्हरलाही प्रणाली उभी करण्यास वेळ लागतो. हा सवलतीचा काळ अपुरा ठेवल्यास नवे सर्व्हर तयार होण्याआधीच बाद होतात आणि हे चक्र थांबत नाही. दुसरे, तपासणीच्या पानावर सर्वांच्या सामाईक डेटाबेसची कसोटी ठेवू नये. अन्यथा डेटाबेस क्षणभर अडखळताच सारे निर्दोष सर्व्हर एकदम दोषी ठरतात व बदलले जातात. कोठारात धान्य नसताना वाढपी बदलून ताट भरत नाही.

स्थिती पाहण्यासाठी टार्गेट ग्रुपमधील ‘टार्गेट्स’ची यादी उघडावी. ‘इनिशियल’ म्हणजे तपासणी सुरू आहे, ‘ड्रेनिंग’ म्हणजे हाती घेतलेले काम संपवून सर्व्हर निरोप घेत आहे. ‘अनहेल्दी’ असल्यास कारणही तेथेच दिसते. कोणता सर्व्हर का काढला, याची नोंद ऑटो स्केलिंग गटाच्या ‘ॲक्टिव्हिटी’ या भागात मिळते.

धम्माला ‘एहिपस्सिक’ म्हटले आहे. या आणि स्वतः पाहा. मांडणी बरोबर आहे, या भरवशावर राहू नये. गर्दीच्या दिवसाआधी चाचणीच्या गटातील एका सर्व्हरवरची प्रणाली मुद्दाम थांबवावी. साधारण मिनिटभरात तो ‘अनहेल्दी’ दिसावा आणि पुढे त्याची जागा नव्याने घ्यावी. तसे झाले नाही, तर दोष दुरुस्त करायला हाती वेळ असतो. अखेरच्या तारखेला तो वेळ नसतो, आणि तेव्हा दाराबाहेर आपलीच मुले उभी असतात.