घरगुती बागेतील शोभिवंत ऑक्सॅलिस : सुप्तावस्था, निगा आणि प्रसाराचे नियंत्रण

सारांश : जांभळ्या, त्रिकोणी दलांचे ऑक्सॅलिस अलीकडच्या काळात शहरी घरांच्या सज्जांत आणि खिडक्यांत मोठ्या प्रमाणावर दिसू लागले आहे. मात्र पहिल्याच वर्षात 'रोप मेले' अशा समजुतीने त्याची कुंडी रिकामी केली जाते, असा अनुभव सर्वत्र आढळतो. या वनस्पतीचे जीवन पानांवर नव्हे, तर जमिनीखालील कंदावर वा मूलक्षोडावर अवलंबून असते. तिची निगा आणि तिच्या अनिर्बंध प्रसाराला आळा या दोन्ही गोष्टी या भूमिगत भागाच्या ज्ञानाशी निगडित आहेत. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने ऑक्सॅलिसच्या लागवडीचा विचार केला आहे.

बीजशब्द : ऑक्सॅलिस, आंबुटी, मूलक्षोड, कंदिका, सुप्तावस्था, तण.

प्रस्तावना

ऑक्सॅलिस हे नाव नवे वाटले तरी या प्रजातीतील एक वनस्पती महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. कुंड्यांच्या कडेला, विहिरीजवळच्या ओलसर जागेत, अंगणातील फरशांच्या फटींत उगवणारी, पिवळ्या फुलांची आणि आंबट चवीची आंबुटी किंवा आंबुशी ही ऑक्सॅलिस कॉर्निक्युलाटा होय. संस्कृतमध्ये तिला चांगेरी म्हणतात आणि आयुर्वेदातील चांगेरी घृत तिच्यापासूनच तयार होते. ऑक्सॅलिडेसी कुलाला मराठीत चांगेरी कुल हे नाव तिच्यावरूनच मिळाले. कोकण-गोव्यातील बिंबल आणि सर्वत्र आढळणारे कमरख ही झाडेही याच कुलातील आहेत. या सर्वांना जोडणारा समान गुण म्हणजे आंबटपणा. 'ऑक्सॅलिस' हा शब्दही 'आंबट, तीक्ष्ण' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून ऑक्झॅलिक आम्लाला या वनस्पतीवरूनच नाव मिळाले आहे.

लिनीअस यांनी १७५३ मध्ये ही प्रजाती ग्रंथबद्ध केली. आज तिच्यात पाचशेहून अधिक जातींचा समावेश होतो. त्यांची दोन प्रमुख केंद्रे आहेत : दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेचा केप प्रदेश. शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या बहुतेक जाती या दोन प्रदेशांतून व मेक्सिकोतून जगभर गेल्या. त्यांच्या मूळ प्रदेशातील पावसाचे वेळापत्रक त्यांच्या कंदांत जणू नोंदले गेले आहे आणि त्यांच्या निगेतील बहुतेक प्रश्नांचे मूळ येथेच आहे.

प्रमुख शोभिवंत जाती

१) ऑक्सॅलिस ट्रायँग्युलॅरिस : रोपवाटिकांत सर्वाधिक विकली जाणारी ही जात ब्राझील व त्यालगतच्या दक्षिण अमेरिकी देशांतील आहे. साधारण १५ ते ३० सेंटिमीटर उंची, लांब देठांच्या टोकाला तीन त्रिकोणी दले आणि पांढरी ते फिकट गुलाबी फुले ही तिची ओळख. दलांचा गडद जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. जमिनीखाली तिचे खवलेदार मूलक्षोड असते. ते सुरूच्या लहान, लांबट फळासारखे दिसते. 'बटरफ्लाय प्लँट' या नावाने ती विकली जाते, परंतु त्याच नावाने अगदी वेगळ्या कुलातील वनस्पतीही बाजारात असल्याने खरेदी करताना शास्त्रीय नाव पाहणे हितावह ठरते.

२) ऑक्सॅलिस टेट्राफायला : मेक्सिकोतील या जातीच्या पानाला चार दले असतात व प्रत्येक दलाच्या तळाशी जांभळा पट्टा असतो. चारही पट्टे मिळून पानावर फुलीसारखी आकृती तयार होते. फुले गुलाबी रंगाची असतात. ही जात खऱ्या कंदापासून वाढते.

३) ऑक्सॅलिस व्हर्सिकलर : केप प्रदेशातील या नाजूक जातीची पांढरी पाकळी एका कडेने लाल असते. त्यामुळे मिटलेल्या कळीवर पिळाच्या लाल-पांढऱ्या रेघा दिसतात. तिचे कंद लहान असतात आणि ती थंडीच्या दिवसांत वाढते.

दैनंदिन मिटणे : एक गैरसमज

सूर्यास्तानंतर ऑक्सॅलिसची दले छत्री मिटावी तशी खाली झुकतात आणि सकाळी पुन्हा पसरतात. फुलेही बहुधा याच क्रमाने मिटतात व उमलतात. दले जेथे देठाला जोडलेली असतात, तेथील फुगीर भागातील पेशींत पाण्याचा दाब कमी-जास्त झाल्याने ही हालचाल घडते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या हालचालींविषयीच्या ग्रंथात ऑक्सॅलिसच्या या 'निद्रे'चा अभ्यास आढळतो. भर दुपारच्या प्रखर उन्हातही दले अशीच झुकतात.

या हालचालीचा व्यावहारिक परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही. कामावरून संध्याकाळी परतलेल्या व्यक्तीला मिटलेली पाने दिसतात, रोप तहानलेले आहे असे वाटते आणि ओल्या मातीत पुन्हा पाणी घातले जाते. काही आठवडे असे चालले की मूलक्षोड कुजते. म्हणून पाण्याचा निर्णय पानांकडे पाहून नव्हे, तर मातीत बोट घालून घ्यावा. वरची सुमारे २ सेंटिमीटर माती कोरडी झाली असेल तरच पाणी द्यावे.

हंगामी सुप्तावस्था

दैनंदिन मिटण्याहून महत्त्वाची बाब म्हणजे हंगामी विश्रांती. प्रतिकूल काळ आला की ऑक्सॅलिस पानांतील अन्नद्रव्ये कंदात साठवते, पाने पिवळी पडून गळतात आणि मातीवर काहीही उरत नाही. कंद मात्र जिवंत असतो. ही अवस्था कोणत्या ऋतूत येईल हे जातीवर अवलंबून असते.

केप प्रदेशाच्या पश्चिम भागात हिवाळ्यात पाऊस पडतो व उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे व्हर्सिकलरचे कंद ऑक्टोबरच्या सुमारास लावावेत. उन्हाळा सुरू होताच ते विश्रांती घेतात. मेक्सिकोत याउलट उन्हाळ्यात पाऊस असतो. त्यामुळे टेट्राफायला पावसाळ्याच्या तोंडाशी लावणे सोयीचे पडते व ती हिवाळ्यात विसावते. ट्रायँग्युलॅरिस या बाबतीत अधिक लवचिक आहे. मानवणारे तापमान व ओलावा मिळाल्यास ती दीर्घकाळ हिरवी राहते. तिला साधारणपणे १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. तापमान दीर्घकाळ ३० अंशांच्या वर राहिल्यास किंवा माती पूर्ण वाळल्यास ती पाने टाकते. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील उन्हाळ्यात तिचे अदृश्य होणे हे म्हणूनच रोग नव्हे, तर स्वाभाविक वर्तन आहे.

रोप विश्रांती घेत आहे की कुजले आहे, हे ठरविण्याची पद्धत सोपी आहे. माती थोडी बाजूला करून कंद किंवा मूलक्षोड बोटांनी दाबून पाहावे. ते टणक असेल तर रोप जिवंत आहे. ते मऊ, पाणचट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर कुजले आहे. कुंडी रिकामी करण्यापूर्वी ही एक तपासणी केली तरी अनेक रोपे वाचतील.

सुप्तावस्थेत पाणी व खत बंद ठेवावे, वाळलेली पाने काढून टाकावीत आणि कुंडी कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावी. व्हर्सिकलरसारख्या जातींचे कंद पूर्ण कोरडे राहिले तरी चालते. ट्रायँग्युलॅरिसचे लहान मूलक्षोड मात्र कडक उन्हाळ्यात सुरकुतून जाऊ शकते. त्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा हलका शिडकावा पुरेसा होतो. ट्रायँग्युलॅरिसची विश्रांती बहुधा चार ते आठ आठवड्यांची असते, तर केप प्रदेशातील जातींची ती अनेक महिने टिकते. त्यानंतर माती बदलून हलके पाणी दिल्यास दोन ते चार आठवड्यांत नवे कोंब दिसू लागतात.

लागवड व निगा

माती आणि कुंडी : पाण्याचा त्वरित निचरा ही मुख्य गरज आहे. दोन भाग बागेतील लाल माती, एक भाग पालापाचोळ्याचे खत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण योग्य ठरते. निव्वळ काळी माती टाळावी. ती पाणी धरून ठेवते व वाळल्यावर घट्ट होते. १५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत चार ते पाच मूलक्षोड ३ सेंटिमीटर खोलीवर आडवे लावावेत. कुंडीला तळाशी छिद्र असणे अनिवार्य आहे.

प्रकाश : पूर्वेकडील सज्जा सर्वांत योग्य. सकाळचे कोवळे ऊन आणि दिवसभर भरपूर उजेड मिळाल्यास जांभळा रंग खुलतो. अंधाऱ्या खोलीत देठ लांबट व दुबळे होतात आणि रंग फिका पडतो. रोप खिडकीकडे झुकत असल्याने आठवड्यातून एकदा कुंडी फिरवावी.

पाणी आणि खत : कोकणात पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराखाली ठेवावी. बशीत साचलेले पाणी ओतून द्यावे. वाढीच्या काळात दर तीन आठवड्यांनी शिफारशीच्या निम्म्या प्रमाणात द्रवरूप खत द्यावे.

अभिवृद्धी : विश्रांतीनंतर माती बदलताना मूलक्षोड अलग करून नव्या कुंड्यांत लावणे ही सर्वांत खात्रीची पद्धत होय.

कीड व रोग : कोरड्या हवेत लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूस आढळतो. पाने पाण्याने धुवावीत व गरजेनुसार कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी. पानांवर नारिंगी पुटकुळ्या दिसल्यास तांबेरा समजून ती पाने काढून नष्ट करावीत. मक्यावरील सामान्य तांबेऱ्याची बुरशी, पक्सिनिया सॉर्घी, आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा ऑक्सॅलिसच्या जातींवर पूर्ण करते. त्यामुळे मक्याच्या शेताजवळ राहणाऱ्यांनी ही दक्षता विशेषत्वाने घ्यावी.

सुरक्षितता : पानांतील विद्राव्य ऑक्झॅलेट अधिक प्रमाणात पोटात गेल्यास शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते व मूत्रपिंडास अपाय करू शकते. कुत्री, मांजरे व लहान मुले यांच्या आवाक्याबाहेर कुंडी ठेवावी. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी शोभेच्या ऑक्सॅलिसची पाने खाण्याचा मोह टाळावा.

प्रसाराचे नियंत्रण

जो कंद रोपाला उन्हाळ्यातून तारून नेतो, तोच अन्यत्र उपद्रवाचे कारण ठरतो. केप प्रदेशातील ऑक्सॅलिस पेस-कॅप्री ही पिवळ्या फुलांची जात भूमध्य सागराभोवतीचे देश आणि ऑस्ट्रेलिया येथे पसरली. तेथे ती मुख्यतः कंदांच्या द्वारे पसरते आणि आज शेतातील चिवट तण मानली जाते. भारतातही दक्षिण अमेरिकेतील ऑक्सॅलिस डेबिलिस आणि मध्य अमेरिकेकडील ऑक्सॅलिस लॅटिफोलिया या गुलाबी फुलांच्या जाती बागांत व मळ्यांत तण म्हणून रुजल्या आहेत. डेबिलिसची तीन हिरवी, हृदयाकृती दले आणि त्यांच्या खालच्या बाजूस कडेलगत असणारे नारिंगी ठिपके यांवरून ती ओळखता येते. अनेकदा ती विकत आणलेल्या दुसऱ्याच रोपाच्या मातीतून घरात येते.

या जातींच्या मुख्य कंदाभोवती अनेक सुट्या कंदिका असतात. रोप उपटले की त्या मातीत विखुरतात आणि एका रोपाच्या जागी अनेक उगवतात. म्हणून खुरप्याने वरवर खुरपणे निरुपयोगी ठरते. भोवतालच्या मातीसह गड्डा उचलणे आवश्यक असते.

घरगुती लागवडीसाठी यातून तीन नियम निघतात. पहिला, शोभेचे ऑक्सॅलिस कुंडीतच ठेवावे, जमिनीत लावू नये. दुसरा, जुनी माती बागेत, नाल्याकाठी किंवा मोकळ्या जागेत टाकू नये. ती चाळून निघालेल्या कंदिका उकळत्या पाण्यात टाकून नष्ट कराव्यात. तिसरा, कंद कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत, कारण तेथे ते जिवंत राहून खताबरोबर सर्वत्र पोहोचतात.

देशी परिसराशी एकरूप झालेल्या आंबुटीला मात्र या यादीत सरसकट बसविता येत नाही. तिची तडकणारी फळे बी दूरवर फेकतात व कुंड्यांत ती उपद्रवी ठरू शकते, हे खरे. परंतु 'पेल ग्रास ब्ल्यू' या लहानशा निळसर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर पोसल्या जातात. बागेच्या एखाद्या कोपऱ्यात तिला राहू देणे इष्ट होय.

समारोप

ऑक्सॅलिसचे रोप तीन प्रकारे 'मान टाकते' : रोज रात्री, वर्षातून एकदा आणि कुजल्यावर. पहिल्या वेळी काहीही करावयाचे नसते, दुसऱ्या वेळी पाणी थांबवून वाट पाहावयाची असते आणि केवळ तिसऱ्या वेळी कुंडी रिकामी करावयाची असते. हा फरक पानांवरून ओळखू येत नाही, तो मातीखालील कंद सांगतो. त्याच कंदाची योग्य विल्हेवाट लावली तर एका घराची शोभा शेजारच्या शेताचे तण होत नाही. मातीखालील या भागाकडे लक्ष देणाऱ्या घरात एकच कुंडी वर्षानुवर्षे फुलत राहते.