घर बांधण्याआधी पाटाकडे पाहा

सणसरला राहायला येणारी मंडळी गुंठ्याचा भाव अन् रस्ता विचारतात. ओल कुणी विचारत नाही. नीरा डाव्या कालव्याखालच्या सखल काळ्या रानात पाझर साचतो, जमीन चोपण होते, मीठ वर फुलते. तेच पुढे भिंतीला चढते. मी स्वतः पाटाखाली खोली घेतली होती. फरशी हिवाळाभर ओली. बियाण्याची पिशवी बुरसली! शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना तडे देते. मुरमाड उंचवटा दोन पैसे महाग पडला तरी घ्यावा. जागेचे कागद तर पाहावेतच. कारखान्याच्या वाटेवर हंगामात रात्रभर उसाच्या गाड्या चालतात, हेही ध्यानात ठेवा. आवर्तन चालू असताना या, अन् किती फुटांवर पाणी लागते ते शेजारच्या आजोबांना विचारा.